टक्का चार शून्य

रात्रीचे तीन वीस. मालिमची जेटी.
बर्फाच्या यंत्राला लागून खोली,
खोलीत एक संगणक, एक पंखा
आणि गोकुळदास तारी, ज्यांना पाच वाजता लिलाव उघडायचाय.
समोर मांडवीत कॅसिनोची जहाजं झगमगतायत,
म्हणजे वीज आहे.
म्हणजे तो बहाणा गेला.

नवी आवृत्ती मी काल संध्याकाळीच चढवली.
घरी, पर्वरीत, सुळसुळ चालत होती.
घरी सगळंच चालतं.

इथं पडद्यावर चाक फिरतं.
तीस सेकंद. मग, वेळ संपली.
"कितें जालें गो?"
मी सांगते, नकार दोन तऱ्हेचे असतात.
एकात कुणी दार उघडतं आणि नाही म्हणतं,
तेव्हा निदान कळतं, घरात माणूस आहे.
दुसऱ्यात आपली हाक जाते
आणि काहीच येत नाही.
हा दुसरा आहे.
गोकुळदास मान हलवतात. त्यांनी वायरलेसवर
असे नकार ऐकलेत, माझ्या जन्माआधी.

बांगडा इथं उतरतो, वजन इथं होतं,
आकडे मात्र राहतात मुंबईत,
कुणाच्या तरी भाड्याच्या यंत्रात,
ज्याचं तोंड आम्ही दोघांनीही पाहिलेलं नाही.
त्याच्या दारावर एक यादी असते:
कुठल्या पत्त्यावरून आला तर आत घ्यायचं.
फोनवरून यादी काढते. जेटीचा पत्ता आहे,
आकडा न् आकडा बरोबर.
होता.
"रात्री वीज गेली होती?"
"इकरांक. पांच मिनटां."
पाच मिनिटं पुरतात.
राऊटर झोपला तेव्हा एक होता,
उठला तो दुसराच पत्ता घेऊन.
दारावरच्यानं त्याला ओळखायचं तरी कसं?

नवा पत्ता लिहिते. जुना खोडते,
उद्या तो भलत्याच कुणाला मिळेल.

पुन्हा. आता नकार बदलतो,
आणि मला हायसं वाटतं, हे कुणाला सांगू.
'वेळसांव' नावाचं यंत्र सापडत नाही, म्हणतो.

वेळसांव?
मुंबईला पाठवला, आणि हा
दक्षिणेकडे समुद्रकाठचं गाव शोधत निघालाय.
ओळ पुन्हा वाचते. शंभरावर अक्षरं, एका दमात लिहिलेली:
नाव, पासवर्ड, मग @, मग ठिकाण.
पासवर्ड ठेवलेला आग्नेल रिबेलोनं,
स्विंडनला जाण्याआधी, दोन वर्षं झाली.
बापाच्या होडीचं नाव. @. गावाचं नाव.

घरी ही ओळ मी तुकड्यांत दिली होती,
म्हणून कळलंच नाही.
इथं सलग दिली, आणि यंत्रानं पहिल्याच @ वर
पासवर्ड संपला असं मानलं.
पुढचं सगळं त्याच्या लेखी ठिकाण.
चूक त्याची नाही. आपणही
कुणाचं बोलणं अर्ध्यावर तोडून निघतोच की.

"त्या @ च्या जागी टक्का, चार, शून्य लिहायचं."
"चाळीस टक्के? दलालीच म्हणायची ही."
मी हसते. बोटं थांबत नाहीत.

चार सतरा. हिरवी खूण.
कालचे आकडे एकेक करून वर येतात:
वेर्ले, बांगडे, लेपो, चोवीस क्रेट सुंगटां.
पहिल्या ट्रॉलरचा दिवा आग्वादच्या अंगानं आत वळतो.

आग्नेलला संदेश टाकते: तुझ्या गावामुळं तास गेला.
तिकडं अजून काल आहे, गोदामातली रात्रपाळी.
लगेच उत्तर येतं:
"मेळ्ळें मगो?"
मग थोड्या वेळानं: "होडी विकली पप्पानं. नांव रावूं दी."

माणूस गेला की पासवर्ड बदलायचा, असा नियम आहे.
मीच लिहिलाय तो, भिंतीवर चिकटवलाय,
बर्फाच्या ओलीनं त्याचा एक कोपरा सुटलाय.
सोमवारी बदलीन.

गोकुळदास संगणकाकडं बघतात, खूण हिरवी आहे ना, बघतात,
आणि खणातून तांबडी वही काढतात,
पेन्सिलीला थुंकी लावतात,
तारीख घालतात.